सत्तरचा पुडा

मोठमायने विडीच्या तेंदूपत्त्याचा पुडा कधी मोजून बांधला नाही. एका पुड्यात सत्तर पानं, आणि तिची बोटं सत्तरला आपोआप थांबत. इकडे ती कुणाच्या लग्नाचं बोलत असायची, तिकडे सालीच्या दोरीची गाठ पडलेलीही असायची. पुडे मोजून घेणारा मुन्शी बाकीच्यांचे पुडे सोडून पाहायचा, तिचे कधीच नाही. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात माझी ही मोठी चुलती त्यासाठीच ओळखली जायची. शाळा तिने बाहेरूनच पाहिलेली.

काम आटोपलं की उरल्या पानांचे ढीग मांडायचा तिला नाद होता. सत्तर पानं ज्या ज्या मापाच्या ढिगांत एकही पान न उरता बसतात, त्या प्रत्येक मापाचा, अख्खे सत्तर सोडून, एकच ढीग मांडायचा. एकाचा, दोनाचा, पाचाचा, सातचा, दहाचा, चौदाचा, पस्तीसचा. मग त्यातले काही ढीग अख्खे उचलून बरोबर सत्तर करायचे. वीस पानांवर हाच खेळ केला की वीस जमत, चाळीसवर केला की चाळीस. सत्तर काही जमत नसत.

"सत्तर लय इचित्र हाय पोरी," ती मला म्हणाली. "सारे ढीग मिळून चौऱ्याहत्तर होतेत, मंग सत्तर काऊन होत नाई?"

मी गणितात बीएस्सी होऊन नुकतीच घरी आले होते, पाय जमिनीवर नव्हते. अंगणात दहाबारा बाया पुडे बांधत बसल्या होत्या. मी पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. बेरीज जास्त भरते ना, मग चार कमी केले की झालं, तुझंच कुठेतरी चुकतंय, असं ठणकावून सांगितलं. बाया हसल्या. मोठमायने पानं गोळा केली आणि पुन्हा कधी ढीग मांडले नाहीत.

दोन वर्षांनी मी आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला शिक्षिका झाले. तिथल्या एका प्रशिक्षणात पाहुण्या सरांनी फळ्यावर सत्तर लिहिलं आणि खाली त्याचे सत्तरहून लहान विभाजक. एक, दोन, पाच, सात, दहा, चौदा, पस्तीस. माझा पेन जागीच थांबला. बेरीज सत्तरहून जास्त, तरी यातले कोणतेही निवडा, सत्तर होणार नाहीत. अशा संख्येला विचित्र संख्या म्हणतात, सर सांगत होते, आणि सत्तर ही सगळ्यात लहान. मी घाईघाईने वहीत करून पाहिलं. चार कमी करायचे, पण एक आणि दोन मिळून तीनच होतात, पुढचा थेट पाच. चार कुठून आणणार? एवढं सोपं होतं.

शनिवारी एसटीने गाव गाठलं. तेंदूचेच दिवस होते. मोठमाय अंगणात होती आणि तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. माझा विश्वासच बसेना. चुलतबहीण म्हणाली, तू तिची चूक काढलीस त्या उन्हाळ्यापासून प्रत्येक पुडा दोनदा मोजते, आता पूर्वीच्या निम्मेही पुडे होत नाहीत तिच्याच्याने.

तिच्यापुढे बसून मी सगळं सांगितलं. तूच बरोबर होतीस म्हटलं, माफी मागितली. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं,

"मंग तवा तू मोजलंच नव्हतं?"

नव्हतं मोजलं, मी म्हणाले.

"मले वाटलं, शिकली पोरगी हाय, मोजूनच सांगून राहिली असंन."

बोलण्यात तिची मोजणी मोडली होती. तिने हातातला पुडा पसरला आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. मागच्या वर्षी ती गेली, तोवर मोजूनच बांधत होती.