खिडकीतला फलाट

काळजी करण्याच्या बाबतीत माझ्या घरमालक काकांचा हात धरू शकेल असा माणूस राहुरीतच काय, अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही. इतर माणसं काहीतरी घडलं की काळजीत पडतात. काका आधीपासूनच काळजीत असतात, घडणाऱ्या गोष्टी मागाहून येऊन त्यात सामील होतात. ऊन पडलं तर टाकीतलं पाणी तापेल, ढग आले तर वाळत घातलेले सांडगे भिजतील, आणि ज्या दिवशी ऊनही नाही आणि ढगही नाहीत त्या दिवशी हवा अशी गप्प का आहे म्हणून ते अंगणात येरझाऱ्या घालतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वेगवेगळ्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. येणारी प्रत्येक गाडी उशिरा येणार, आणि उशिरा येणारी प्रत्येक गाडी घाटात बंद पडलेली असणार, असं धरून चालण्याची सवय तिथलीच. काका निवृत्त झाले, सवय झाली नाही. काकू म्हणतात, "हे पयल्यापासून आसंच हाय. लग्नात मंगलाष्टकं चालू हुती तवा मला हळूच इचारत हुते, मांडवाचा खांब हालतोय का."

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते आणि गावातल्या एका इंग्रजी शाळेत लहान मुलांना शिकवते. माझं घर तिसगावजवळ, पण शिक्षण सगळं इंग्रजीतून आणि बरंचसं हॉस्टेलवर झालं. अनोळखी माणसाशी मराठीत दोनाहून जास्त वाक्यं बोलायची असली तर मी ती आधी मनात जुळवून घेते. खोली बघितली तेव्हा मनात आलं, वर एकटीच असेन, फार बोलायचा प्रसंग येणार नाही. शिवाय खोलीला चांगली मोठी खिडकी होती आणि खिडकीसमोर शेवग्याचं झाड. हीच खिडकी माझ्या अंगाशी आली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काका जिना चढून आले, दाराबाहेर उभे राहून दोनदा खाकरले आणि म्हणाले, "तुझी खिडकी मोकळी आहे का?" बसमधली जागा विचारावी तसं विचारलं. मी होय म्हटल्यावर त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांना चिमण्यांसाठी दाणे ठेवायचे होते. पण खालच्या पुढच्या खिडकीत शेजारचं मांजर बसतं, स्वयंपाकघराच्या खिडकीत फोडणीचा ठसका चिमण्यांना सोसणार नाही, आणि मागच्या खिडकीत दुपारी इतकं ऊन येतं की दाणे भाजून निघतील. "उरली तुझी. खिडकी तुझी, दाणे माझे." मी नको म्हणण्यासाठी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात ते पक्कड आणायला खाली गेलेसुद्धा.

दाणे ठेवण्याची ती वस्तू म्हणजे प्लास्टिकची पाण्याची बाटली, आडवी भोकं पाडून त्यात दोन लाकडी चमचे आरपार घातलेले. चमच्यावर पाखराने बसायचं आणि भोकातून सांडणारे दाणे टिपायचे. असं काम दहा मिनिटांत होतं. काकांना आठवडा लागला. भोकाची कड पायाला कापेल म्हणून त्यांनी कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली. बाटली वाऱ्याने हेलकावली तर पाखराला चक्कर येईल म्हणून ती दोन बाजूंनी तारेने ताणून बांधली. काचेला आकाश समजून कोणी येऊन धडकेल म्हणून काचेवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या, आणि तेव्हापासून मला माझ्या खिडकीतून शेवगा फक्त उभ्या कापांमध्ये दिसतो. शेजारी पाण्याचं मातीचं बशीवजा भांडं ठेवलं, तर त्यात मधमाशी बुडेल म्हणून खडे टाकले. बाजरी आणली ती धुतल्याशिवाय घालायची नाही असं ठरलं, कारण किराणावाले धान्यात किडीची पावडर घालतात. रोज सकाळी अंगणातल्या नळावर परातीत बाजरी दोन पाण्यांनी धुवायची, पांढऱ्या धोतरावर वाळवायची आणि मग डब्यात भरून माझ्याकडे पाठवायची. काकू म्हणायच्या, "माझे तांदूळ एका पाण्यात धुतलेले चालत्यात ह्यांना. चिमन्यांना दोन पाणी."

पाखरं यायला लागल्यावर काका पुन्हा कंट्रोलर झाले. चमच्याला ते फलाट म्हणत. चिमण्या म्हणजे लोकल गाड्या, दर थोड्या वेळाने. साळुंकी जलद, कुठेही फार थांबत नाही. होले म्हणजे मुक्कामाची गाडी, एकदा लागली की हलत नाही. पारव्यांवर मात्र त्यांचा राग होता. "हे खाजगी जीपवाले. आपल्या स्टँडवरचे पॅसेंजर पळवतात." आणि गाडीच्या वेळा सांभाळायचं काम माझ्याकडे. शाळेत मधल्या सुट्टीत काकांचा फोन यायचा. "सकाळी साळुंकी लागली होती का?" मी हळू आवाजात हो म्हणायचे, कारण शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे कान माझ्याकडे असत. "एकटी होती की जोडी?" जोडी. "दोघींचे पाय नीट होते?" साळुंकीचे पाय नीट असणं म्हणजे काय हे मला इंग्रजीतही सांगता आलं नसतं. मी म्हणायचे, नीट होते. एकदा बाजूच्या मॅडमनी विचारलं, "घरी पेशंट आहे का गं कोणी?"

संक्रांतीच्या दिवसांत तर विचारूच नका. पतंगाचा मांजा शेवग्यात अडकेल, त्यात चिमणी अडकेल, ती लोंबकळत राहील आणि आपल्याला कळणारही नाही, हे चित्र काकांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी गल्लीतल्या पोरांना तिळगूळ देऊन दुसऱ्या गल्लीत पतंग उडवायला पाठवलं. मग दुसऱ्या गल्लीतल्या चिमण्यांचं काय, या विचाराने त्यांनाच जेवण जाईना. मला आधी या सगळ्याची गंमत वाटायची. पण काळजी हा प्रकार सर्दीसारखा असावा. फेब्रुवारीपर्यंत मीही शाळेत निघताना जिन्यावरून परत वर जाऊन बाटलीची तार ओढून बघायला लागले होते.

त्याच सुमारास काकू चार दिवस लेकीकडे संगमनेरला गेल्या. त्यांच्या मागे काकांनी एक निर्णय स्वतःच्या अधिकारात घेतला. किराणा दुकानातल्या बाजरीत त्यांच्या हाताला सोंडे किडे लागले होते. असलं धान्य आपण पाखरांना घालतोय या विचाराने ते अस्वस्थ झाले आणि तडक पेठेतल्या कृषी सेवा केंद्रात गेले. हे त्यांनीच मला कौतुकाने सांगितलं. "म्हटलं, सगळ्यात भारी बाजरी द्या. तर म्हणतो, किती एकर? मी म्हटलं, एका खिडकीपुरती. लई हसला. म्हणाला, काका, खिडकीखाली वाफा करताय व्हय, मग ही लहान पिशवी न्या." चांगल्या मालाची पिशवी हातात आल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा काका नळावर उकिडवे बसून परातीत बाजरी चोळून धूत होते. परातीतलं पाणी गुलाबी होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी बादलीत उरतं तसं. त्यांच्या बोटांवर रंग होता, बाहीवर होता, फरशीवरून एक गुलाबी ओघळ शेवग्याच्या बुंध्याकडे चालला होता. हा रंग मी लहानपणापासून ओळखते. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत अशी बाजरी घरात आली की आई आम्हाला त्या खोलीत फिरकू द्यायची नाही. बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळतात आणि कोणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला रंग देतात. काका ते बियाणं धूत होते, आणि अगदी शांत होते.

"काका," मी म्हटलं, "पाण्याचा रंग कसला आहे?"

"कसला म्हणजे? पाण्याचा."

मला आधी ते थट्टा करताहेत असं वाटलं. मग मी पायरीवर पडलेली पिशवी उचलली. तिच्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं की बियाण्याला विष लावलेलं आहे, खाण्यासाठी वापरू नये. मी ते मोठ्याने वाचलं. काकांचे हात परातीत तसेच राहिले.

"यातली घातलीस का तू?" त्यांनी विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"नाही. ही धुतलेलीच नव्हती ना. काल जुनीच घातली."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी परात बाजूला सारली. मी साबण आणला आणि त्यांना हात धुवायला लावले. पुन्हा धुवायला लावले. ते लहान मुलासारखे हात पुढे करून बसले. मग म्हणाले, "गुलाबी आहे का?" मी म्हटलं, चांगलं गर्द गुलाबी आहे. ते म्हणाले, "मला पांढरट दिसतंय. सगळंच पांढरट दिसतं. दिवाळीच्या आधीपासून."

मग थोडं थोडं करून बाहेर आलं. एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यापुढे धुकं होतं. खिडकीतली पाखरं त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. वर येऊन ते नुसते पंखांचे आवाज ऐकत, आणि साळुंकीचे पाय नीट आहेत का हे मला फोन करून विचारत, कारण दुसरं कोणी विचारायला नव्हतं. जगातल्या हरएक गोष्टीची काळजी मोठ्याने करणाऱ्या या माणसाने खरी काळजी तेवढी एकट्यानेच गिळून टाकली होती. का, तर ऑपरेशनची भीती. "डोळा उघडा ठेवून करतात म्हणे. आपल्याकडे सुई येताना आपल्याला दिसते." आणि मग, "तिला सांगू नकोस. ती मला आजच दवाखान्यात घालेल."

लोकांच्या गोष्टी पोटात ठेवणं मला चांगलं जमतं. बोलावं लागत नाही, हाच तर त्यातला फायदा. पण अंगणात तो गुलाबी ओघळ अजून ओला होता. मी म्हटलं, "काका, आज बाजरी होती. उद्या जिना असेल." एवढंच. हे वाक्य मी मनात जुळवलं नव्हतं.

त्यांनी ओले हात झटकले. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "तूच लाव. तुझं तेवढं एक बटण पाठ आहे, बाकीचे आकडे दिसत नाहीत."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटत हुतं, म्हातारा रुसलाय कशावरनं तरी. माझ्याकडं बघंनाच झालाय." आणि दुपारच्या गाडीने त्या परत आल्या.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदू पार पिकलेला आहे, डोळ्यात दाब वाढतोय, अजून थांबला असतात तर डोळा हातचा गेला असता. ऑपरेशन लगेच करावं लागेल, पण दिसेल किती ते पट्टी काढल्यावरच कळेल. ते दिवस मला फार जड गेले. मी किराणा दुकानातली बाजरी आणून एकेक मूठ उजेडात धरून बघायचे, दोन पाण्यांनी धुवायचे, आणि दाराची कडी लावल्यावर पुन्हा उघडून मांजर कुठे आहे ते बघायचे. ऑपरेशनच्या टेबलावर काकांनी काय केलं ते काकूंनी नंतर सांगितलं. आधी डॉक्टरांना विचारलं, हात कापत नाही ना तुमचा. मग विचारलं, मधेच लाइट गेली तर. डॉक्टर म्हणाले, जनरेटर आहे. तर ह्यांनी विचारलं, त्यात डिझेल कोणी बघितलं का. "डाक्टर म्हनले, बाबा, आता तुमी बोलला तर माझाच हात कापंल."

पट्टी निघाली. दिसायला लागलं. हे मला काकूंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभी होते, आणि पुढच्या तासाला मी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही.

काकांना जिना चढायची परवानगी मिळाली त्या दिवशी ते काळा चष्मा लावून, एकेक पायरी मोजल्यासारखी चढत वर आले. मागे काकू, ते पडले तर झेलायच्या तयारीत. खिडकीशी येऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. चमच्यावर दोन चिमण्या होत्या. त्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता पाय बघतील, तार बघतील, काहीतरी चुकलेलं सापडेल. पण ते चिमण्या उडाल्यावर माझ्याकडे वळले.

इतके महिने काका माझ्याशी बोलत तेव्हा त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी भिंतीवर असायची. मला ते बरं वाटायचं. माझ्याकडे रोखून न बघता बोलणारी माणसं कमी असतात. मी ती त्यांची रीत समजले होते. आता ते थेट माझ्याकडे बघत होते, मान जराशी तिरकी करून.

"तू एवढीशीच आहेस?" ते म्हणाले. "आवाजावरून मला वाटलं, चांगली पोक्त बाई असशील." मग काकूंना म्हणाले, "अगं, ही तर पोर आहे. डोळ्यांखाली बघ किती काळं झालंय. ही जेवते का नीट? वर एकटी राहते, आणि तू मला इतके दिवस काही बोलली नाहीस."

"मला काय ठावं, तुमाला दिसत न्हाई," काकू म्हणाल्या. "चला आता खाली. तिला काम आसंल."

मला काम होतं. वह्या तपासायच्या होत्या. कोणी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मी सहसा काहीतरी निमित्त काढून उठते. काका तसेच उभे होते, कपाळावर चष्मा, माझ्या चेहऱ्यावर अजून काय काय काळजी करण्यासारखं आहे ते शोधत. मी खुर्चीवरच्या वह्या उचलून कॉटवर ठेवल्या आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.