लेकीच्या घरचं पाणी

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आंबोलीच्या घाटाखालच्या गावात भातशेती करायचे. आमचं घर मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तरी मी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत ते एकदाही आमच्याकडे आले नव्हते आणि समुद्रही त्यांनी कधी पाहिला नव्हता. मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे जायचो, तेव्हा ते मला काजूच्या बागेतून हिंडवायचे. मग आमच्याकडे का येत नसतील? आईला विचारलं की ती म्हणायची, "शेती टाकून कशे येतले?"

एका पावसाळ्यात माझा भाऊ जन्मला आणि पुढच्या नाताळच्या सुट्टीत आजोबा येणार असल्याचा निरोप आला. मला नवल वाटलं. गुरंढोरं तीच, शेत तेच. आता बरी सवड झाली! शेवटी शेजारच्या काकींनी उलगडा केला. "नातू झालो ना आता! तेच्याशिवाय बापूस लेकीच्या घरचा पाणी पिणा नाय."

 पण मी तर केव्हाचीच जन्मले होते!

आजोबा एसटीतून उतरले ते नव्या तांदळाचं गाठोडं आणि लाल पोहे घेऊन. घरी आल्यावर पाय धुऊन ओटीवर टेकले. आईने भावाला आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते त्याच्याकडे बघत हसत होते, तेवढ्यात मी समोर जाऊन उभी राहिले.

"आजोबा, माज्यावेळी कित्याक नाय इलात?"

आईने डोळे वटारले. शाळामास्तर असलेले माझे वडील उगाचच खाकरले. आजोबा मात्र रागावले नाहीत. बाळाला थोपटत म्हणाले, "तशी रीत आसा, बाय."

"कोणी घातल्यान ती?"

"ता माका म्हायत नाय," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी कधी विचारूकच नाय."

आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. आजोबांनी हात पुढे केला नाही. "चेडवाकडे दी तो," ते म्हणाले. आईने तांब्या माझ्या हातात दिला आणि मी तो दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं. आई तोंड फिरवून पदराने डोळे पुसत होती. तिला रडायला काय झालं ते मला कळेना. मला आपलं कौतुक वाटत होतं, की आमच्या घरचं पहिलं पाणी ते माझ्या हातचं प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आणि मी त्यांना समुद्रावर घेऊन गेलो. हवेत गारवा होता. आजोबा डोक्याला पंचा गुंडाळून आले होते. माडांतून बाहेर पडल्यावर ते थबकले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग सरळ पाण्यात गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले.

"एवढा पाणी! आणि शेताक उपयोग नाय?"

वडिलांना हुरूप आला. वर्गात बोलायचे तसे बोलू लागले. "उपयोग आहे तर! उन्हाने ह्याच पाण्याची वाफ होते, वर ढग होतात. वारा ते ढग तुमच्या घाटाकडे नेतो. मीठ तेवढं इथेच राहतं."

"म्हणजे आमचो पाऊस हयसून येता?"

"बराचसा इथूनच."

आजोबांनी मान वळवून पूर्वेकडे पाहिलं. धुक्यात सह्याद्रीची पुसट रेघ दिसत होती. मग डोक्याचा पंचा काढून त्यांनी समुद्राला हात जोडले. "इतकी वर्सां मी कोणाचा खातंय, ता माका म्हायत नव्हता," ते म्हणाले.

मीही हात जोडले. कशासाठी ते नीटसं कळलं नव्हतं. पण रोज ज्याच्याकडे पाठ करून शिंपल्या वेचायचे, त्या समुद्राकडे त्या दिवशी प्रथमच मी निरखून बघितलं.

ते चार दिवस राहायला आले होते, सुट्टी संपेपर्यंत राहिले. आईच्या हातचं बांगडा मासळीचं झणझणीत तिखलं भुरके मारत जेवले. पुढे धाकट्या मावशीला पहिली मुलगी झाली, तेव्हा बारशाला सगळ्यांच्या आधी तेच हजर होते. गावात कोणी काय म्हटलं असेल ते असो.

त्या सुट्टीत आमच्याकडून निघताना त्यांनी माझ्याकडून एक बाटली समुद्राचं पाणी भरून घेतलं, आजीला चव दाखवायला. ती बाटली मांडीवर धरून ते एसटीत बसले. मे महिन्यात आम्ही गेलो, तेव्हा आजीने मला चुलीपाशी बसवून घेतलं. "तुजो आजो सांगता, सगळा पाणी तसाच खारा. खरा काय गो?"

"खराच," मी म्हटलं.

"मगे माशे कशे रवतत त्यात?"

मी हातांनी मासा पोहतो तसं करून दाखवलं. आजीने मान हलवली आणि ती म्हणाली, "ऱ्हवांदे. माकाच येऊक व्हया." त्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत ती आजोबांबरोबर आली आणि चूळही न भरता आधी समुद्रावर गेली.