मिनलशिवायचा खो-खो

कुरुळीत शालनबाईंच्या चाळीत मी राहतो आणि चाळीतली पोरं माझ्याच रिक्षातून शाळेत जातात. त्यामुळे कुणाची कुणाशी कट्टी आहे, हे आयांच्या आधी मला कळतं. तेजस्विनी आणि मिनलची कट्टी मात्र मी कधी पाहिली नाही. दोघी सहावीत, दोघी शाळेच्या खो-खो संघात. तेजूची आई पहाटेच कंपनीत जायची, म्हणून मिनलची आई पूनम आपल्या लेकीबरोबर तिच्याही वेण्या घालायची. इतक्या घट्ट, की पोरींचे डोळे ताणले जायचे.

गणपती गेले आणि मिनलला डेंग्यू झाला. आठवड्याच्या आत पोर गेली.

मग आमच्या चाळीने आपली अक्कल पाजळली. शालनबाई म्हणजे चाळीच्या मालकीणबाई. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्यांनी फर्मान काढलं, "मिनलचं नाव कुणी काढायचं न्हाई. आन् तेजूनं पूनमच्या दारावरनं जायचं न्हाई. हिला बघून तिच्या काळजाला घरं पडत्यात."

हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने माणूस किती गुदमरतो, हे मी त्या दिवसांत बघितलं. तेजू मागच्या बोळातून ये-जा करू लागली. केस रबरात कसेबसे कोंबायची, रिक्षात तोंडातून शब्द काढायची नाही. खो-खो सोडला. खेळाच्या प्रभावतीबाई विनवून थकल्या, पण संघातून तिचं नाव काही त्यांनी काढलं नाही.

तालुक्याच्या सामन्यांच्या आदल्या दिवशी रिक्षात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा ती बोलली. "काका, मला खेळायचंय हो. पण मिनल नसताना मी खेळले, तर पूनमकाकूंना काय वाटेल?"

"त्यांनाच विचार की," मी म्हटलं. चाळीत एवढी शहाणी माणसं, पण हे कुणाला सुचलं नव्हतं.

सकाळी मी रिक्षा पुसत होतो. तेजू गणवेशात आली, हातात फणी आणि रिबिनी, आणि सरळ पूनमच्या दाराशी गेली. नळावरून शालनबाई बादली टाकून धावल्या. मी त्यांना आडवा गेलो. "मावशी, जाऊ द्या तिला."

दार उघडलं. तेजू खाली मान घालून म्हणाली, "काकू, आज मॅच आहे. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

पूनमने तिची हनुवटी धरून वर केली. "एवढे दिवस कुठं होतीस गं? माझी लेक गेली अन् तूबी यायची बंद झालीस. मला वाटलं, तुला माझी भीती वाटायली."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि नळाकडे परत गेल्या. पूनमने तेजूला उंबऱ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. दोघी मिनलचं नाव घेऊन मोठमोठ्याने रडल्या, आणि रडता रडताच वेण्या झाल्या. मग पूनम म्हणाली, "थांब. मीबी येते."

चाकणच्या मैदानावर शेवटच्या डावात आमच्या मुलींची पळती होती. शिट्टीपर्यंत एक जरी पोरगी मैदानात टिकली, तर सामना आपला. शेवटच्या तिघींत पूर्वी तेजू आणि मिनल असायच्या. एक दमली की दुसरी पाठलाग स्वतःवर ओढून घ्यायची. आज मिनलच्या जागी भाग्यश्री होती. नवखी पोर, आल्या आल्या बाद झाली. तिसरीही गेली. तेजू एकटी उरली.

"पळ, तेजू, पळ!" पूनमचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. आणि ती पोरगी पळाली. खांबाशी हूल दिली, बसलेल्या मुलींमधून नागमोडी निघाली. एकीचा हात पाठीपाशी आला, तर ही कंबर वळवून पार. समोरच्या शाळेच्या पोरी रडकुंडीला आल्या, आणि मी, पन्नाशीचा बाप्या, पत्र्याच्या डब्यावर चढून ओरडत होतो. शिट्टी झाली तेव्हा तेजू मैदानातच होती.

संघातल्या पोरींनी नाचायला सुरुवात केली. तेजू मात्र त्यांच्यातून निघून पूनमपाशी आली. धापा टाकत तिने विचारलं, "काकू, मला लई आनंद झालाय. चालतं का?"

पूनमने तिचा घामेजला चेहरा पदराने पुसला. "चालतं की, लेकरा," ती म्हणाली आणि तिचा हात धरून नाचणाऱ्या पोरींमध्ये स्वतःच शिरली.