चेफचं डिक्टेशन आणि आम्ही चौघी

तुम्ही कधी एखाद्या सर्जनला सफरचंद खाताना नुसतं ऐकलंय? बघितलं नाही, फक्त ऐकलं? मी कित्येक वर्षं ऐकतेय!

जर्मनीत येनाजवळच्या एका हॉस्पिटलच्या श्राइबडीन्स्टमध्ये, म्हणजे टायपिंगच्या खोलीत, आम्ही चौघी बसतो. डॉक्टर बोलून ठेवतात आणि आम्ही हेडफोन लावून पत्रं टाइप करतो. घरी जाताना पेशंटच्या हातात जे पत्र असतं ना, ते आमचं. पण ऐकलेलं सगळं पत्रात जात नाही. खोकला, बायकोचा फोन, सफरचंद, हे आमच्याकडेच उरतं आणि किस्से साठत जातात. पेशंटचं एकही नाव सांगणार नाही, तशी शपथ घेतलीये. डॉक्टरांबद्दल शपथ नाही!

*

मी सांगलीची, बारावी पास. जवळ होतं ते टायपिंगचं सर्टिफिकेट. लग्नानंतर इथे आले, जर्मन शिकले आणि धीर करून या खोलीत परीक्षा द्यायला गेले.

खोलीची मुख्य रेनाटे. तिने डिक्टेशन लावलं. मी पर्समधून रुमाल काढला आणि दोन्ही हातांवर पसरला.

"थंडी वाजतेय का?" रेनाटेने विचारलं.

"नाही. आमचे सर बोटांकडे बघू द्यायचे नाहीत. सवय आहे."

रुमालाखालून अख्खं पान टाइप झालं. रेनाटेने ते दोनदा वाचलं.

"सोमवारपासून ये," ती म्हणाली. "आणि रुमाल आण. बाकीच्या दोघींनाही लागेल!"

*

इथले डॉक्टर डिक्टेशन देताना स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा बोलतात. आमचे चेफ, म्हणजे विभागाचे मुख्य सर्जन, एकदा ख्रिसमसच्या पार्टीत भाषणाला उभे राहिले.

"प्रिय सहकाऱ्यांनो, स्वल्पविराम, हे वर्ष कठीण गेलं, पूर्णविराम."

सगळा हॉल हसला. आम्ही चौघी हसलो नाही. आमची बोटं टेबलावर चालू होती!

*

मग एक दिवस व्यवस्थापनाचे साहेब खोलीत आले. म्हणाले, सहा महिने अर्धी डिक्टेशनं बाहेरच्या एका कंपनीला देऊन बघू. जमलं तर ही खोली बंद.

आम्हा चौघींतली कुणीही पन्नाशीच्या अलीकडची नाही. कुठे जाणार होतो आम्ही?

"कंपनी कुठली?" रेनाटेने विचारलं.

"जर्मन आहे, काळजी नको."

"ते कळलं. टायपिंग कुठे होणार?"

साहेबांनी टाय सरळ केला. "क्लाउडमध्ये."

"गेनाऊ, अगदी बरोबर," रेनाटे म्हणाली. "आणि तिथे हेडफोन कोण लावणार?"

साहेबांना अचानक एक मीटिंग आठवली.

*

चेफची एक सवय आहे. खुबा बदललेल्या पेशंटने घरी काय काय करायचं ते सांगायचा त्यांना कंटाळा येतो. "पुढे नेहमीचं," म्हणतात आणि बंद करतात. ते नेहमीचं पाऊण पान भरतं. इंजेक्शनं किती दिवस, टाके कधी काढायचे, जिना कुठल्या पायाने चढायचा. सगळं आमच्या डोक्यात आहे.

बाहेरून टाइप होऊन आलेल्या पत्रात लिहिलं होतं, "पेशंटने घरी नेहमीचं करावं."

तिसऱ्या दिवशी त्या पेशंटच्या फॅमिली डॉक्टरांचा फोन आला. भयंकर चिडलेले!

"नेहमीचं म्हणजे काय? हा माणूस नेहमी शिडी लावून छप्पर साफ करतो!"

चेफनी कान पकडले. म्हणाले, यापुढे "नेहमीचं" हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही.

*

रेनाटेने लांडटागला, म्हणजे इथल्या विधानसभेला, अर्ज लिहिला. मागणी साधी होती. पेशंटचं डिक्टेशन देशाबाहेर पाठवायला कायद्याने बंदी करा. ज्यांनी शपथ घेतली आहे त्यांनीच ते ऐकावं. आमच्या नोकऱ्या वाचाव्यात हेही त्यात स्पष्ट लिहिलं. लाजायचं कशाला?

सह्या गोळा करायला मी आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत गेले. ड्रेस्डेनहून आलेले आयटीतले एक भाऊजी कागद वाचून हसायलाच लागले.

"वहिनी, आउटसोर्सिंगच्या विरोधात सही? अहो, अर्धं पुणं त्यावर जेवतंय!"

"जेवू दे की, भाऊजी. पण तुमच्या सॉफ्टवेअरला मूळव्याध होत नाही. माणसाला होते. आणि ते जगभर कळलेलं त्याला आवडत नाही!"

भाऊजींनी पेन मागितलं. सही केली आणि उशी घेऊन बसले!

*

लांडटागच्या समितीपुढे बोलायला मलाच उभं करायचं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाषणाचा कागद पाठ करत होते. तेवढ्यात पुण्याहून केतकीचा फोन आला. केतकी माझ्या बहिणीची मुलगी. जर्मन शिकलीये. नुकतीच तिला टायपिंगची नोकरी लागली होती. कशाचं टायपिंग, ते सांगायची तिला परवानगी नव्हती.

"मावशी, तिकडे बापट आडनावाचं आणखी कोण आहे गं?"

"का?"

"एक डिक्टेशन आलंय. डॉक्टर खुब्याचं सगळं सांगतात आणि शेवटी म्हणतात, बाकीचं फ्राऊ बापटना माहीत आहे! आमचे इथले सर म्हणाले, आहे तसंच लिही. पण पेशंटला काय कळणार? थांब, पाठवते."

नको म्हणेपर्यंत क्लिप आलीसुद्धा. आमचेच चेफ! पेशंटचं नाव, जन्मतारीख, पत्ता. माणूस आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा.

"केतकी, आधी ते डिलीट कर. मीही करते."

"केलं. तू ओळखतेस त्या डॉक्टरांना?"

"रोज ऐकते."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे फ्राऊ बापट तूच. आणि मी तुझं काम करतेय."

"हो."

"मग बाकीचं मला सांगू नकोस, मावशी. तूच म्हणाली होतीस ना, बाहेरच्यांचं जमलं तर तुमची खोली जाईल."

"पेशंट उद्या घरी जाणार आहे. लिहून घे."

मी पाऊण पान सांगितलं. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता, एका लयीत, न अडखळता.

"हात छान बसलाय गं तुझा," मी म्हटलं.

"मावशी, उद्या तिथे हे सांग. माझं नाव घेऊ नकोस, पण सांग. आईचं असं कुणाच्या फोनवर फिरलं तर मला चालेल का?"

"तुझी नोकरी जाईल, केतकी."

"मला जर्मन येतं. दुसरी मिळेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी समितीपुढे उभी राहिले आणि काल संध्याकाळी आमच्या चेफचा आवाज पुण्याहून माझ्या स्वयंपाकघरात आला, एवढंच सांगितलं.