आवडाबाईंचं कारीट

आवडाबाई भोईरांच्या घरी तीन वर्षं दिवाळी झाली नव्हती.

शीळफाट्याहून कल्याणकडे जाताना रस्त्याच्या आतल्या अंगाला त्यांचं गाव. गाव म्हणजे आता चार गल्ल्या, एक देऊळ आणि चारही बाजूंनी टॉवर. भोईरांची भातशेती बिल्डरला गेली तेव्हा जुन्या घराच्या जागी दुमजली बंगला उठला, दारात गाडी आली आणि थोरल्या गोविंदाच्या हातात जन्मात पहिल्यांदा मोकळा पैसा खेळू लागला.

गोविंदा मनाने वाईट नव्हता. आईबरोबर गुडघाभर चिखलात भात लावलेला मुलगा होता तो. पण हळदीच्या कार्यक्रमांत बेंजोवाल्यांवर नोटा उधळायला लागला, रोज नवे दोस्त घेऊन ढाब्यावर बसायला लागला. आवडाबाई बोलल्या, बायको संचिता बोलली. "तुम्हाला माजं चांगलं बघवत नाय," एवढंच त्याचं उत्तर. एका आश्विनात, दिवाळी तोंडावर असताना, वद्य एकादशीला त्याची गाडी शीळच्या रस्त्यावर उभ्या डंपरवर आदळली. गोविंदा तिथेच गेला. मुलगी कल्पिता तेव्हा पाच वर्षांची होती.

पहिल्या वर्षी सण करायचा नसतोच. दुसऱ्या वर्षी धाकटा मयूर म्हणाला, "दादा याच दिवसांत गेला, कंदील कसा लावायचा?" तिसऱ्या वर्षी कोणी विचारलंही नाही. भोईरांकडे दिवाळी नसते, हा नियमच होऊन बसला. कल्पिता गच्चीवरून समोरच्या टॉवरमधले कंदील बघायची.

चौथ्या वर्षी श्रावणात झाडलोट करताना आवडाबाईंना नातीच्या पलंगाखाली फुलबाज्यांचा पुडा सापडला. आत्याने कधीतरी दिलेला. पोरीने तो ओढणीत गुंडाळून भिंतीपाशी ढकलून ठेवला होता. सादळून सगळ्या काड्यांचा रंग उडाला होता. आवडाबाई पुडा हातात घेऊन जमिनीवरच बसल्या.

त्याच आठवड्यात गावच्या देवळात हरिनाम सप्ताह होता. धोंडिबा महाराजांनी कीर्तनात नरकासुराची कथा लावली.

"नरकासुर कोणाचा मुलगा?" महाराजांनी विचारलं. "भूमीचा! आपण उभे आहोत त्या धरणीमायचा. आईने लाडाने वाढवला, वर मिळवून दिले. बळ आलं, राज्य आलं आणि गडी फिरला. देवांची आई अदिती, तिच्या कानातली कुंडलं ओढून घेतली. सोळा हजार मुली कोंडून ठेवल्या. शेवटी कृष्ण आणि सत्यभामा गरुडावर बसून आले आणि त्याला मारला. सत्यभामा म्हणजे भूमीचाच अवतार, असंही सांगतात. म्हणजे बघा, आईच्याच हाताने लेक गेला. मग भूमी पुढे आली. कुंडलं तिने देवाच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, माझ्या मुलाचं लेकरू भेदरलंय, त्याच्या डोक्यावर हात ठेव. आणि माझ्या मुलाच्या मरणाच्या दिवशी कोणी रडू नये. लोकांनी पहाटे न्हावं, दिवे लावावेत."

कीर्तन संपलं, माणसं पांगली. आवडाबाई महाराजांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"महाराज, ती रडली नाय?"

धोंडिबा महाराज उपरण्याची घडी घालता घालता थांबले. "रडली असेल, माउली. पोथीत लिहिलेलं नाही."

घरी येऊन आवडाबाईंनी जाहीर केलं, "औंदा आपल्याकडं दिवाली हाय. आन मना कारीट पायजे."

कारीट म्हणजे रानवेलीचं लहानसं, अंड्याच्या आकाराचं कडू फळ. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ करून ते तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. तोच नरकासुर. पूर्वी भोईरांच्या बांधावर त्याचे वेल माजलेले असत.

मयूर चिडला. "आई, लोक काय बोलतील? दादाचं श्राद्ध एकादशीला आणि लगेच दिवे?"

"लोकांचा लेक गेलाय कं माजा?"

दिवाळी जवळ आली तेव्हा मयूरच डोंबिवलीच्या बाजारातून कारिटांची पिशवी घेऊन आला. आवडाबाईंनी ती तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिली. "ही शेजाऱ्यांना दे. मना आपल्या जमिनीतलं पायजे."

"आपली जमीन आहे कुठे आता?"

"हाय तिथंच हाय. इकली म्हनून उठून गेली नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई जमिनीकडे गेल्या. भोवती निळे पत्रे, आत अर्धवट टॉवर. फाटकावर साइटचा सुपरवायझर महेंद्र उभा होता.

"आजी, आत काम चालू आहे. वरून काही पडलं तर जबाबदारी माझ्यावर येईल."

"मी बसते हितंच. तुज्या साह्येबाला इचार."

फाटकाजवळच्या विटांवर त्या बसल्या. सिमेंटच्या गाड्या येत-जात राहिल्या, धूळ उडत राहिली. संध्याकाळी उठून घरी गेल्या आणि सकाळी पुन्हा येऊन बसल्या. महेंद्रने पाणी दिलं, खुर्ची दिली, पण परवानगी काही येईना.

दुपारी रस्त्यावरून संचिता येताना दिसली. नवरा गेल्यापासून कामाशिवाय ती घराबाहेर पडत नव्हती. हातात भाकरी आणि सुकटीचा डबा होता. सासूपुढे डबा ठेवून ती जवळच्या विटांवर बसली.

"तू जा घरी. ऊन हाय," आवडाबाई म्हणाल्या.

"तुम्ही उठलात की जाईन."

दोघींना न्यायला म्हणून मयूर गाडी घेऊन आला. येताना तो रागातच होता. पण आई आणि वहिनी एका डब्यात जेवताना दिसल्या आणि तो गाडीपाशीच थबकला. मग सरळ महेंद्रकडे गेला.

"जरा जाऊ दे ना साहेब. बांधावरचं कारीट सोडून काय नाय नेणार ती. आमचीच शेती होती ही."

महेंद्रने फोन लावला, बाजूला जाऊन बराच वेळ बोलला आणि तीन हेल्मेटं घेऊन आला.

पिवळं हेल्मेट पदरावर घालून आवडाबाई आत शिरल्या. ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. खळं कुठे होतं, विहीर कुठे होती, काही पत्ता लागेना. मयूर म्हणाला, "आई, चल, काय नाय इथे." त्यांनी ऐकलं नाही. पत्र्याच्या कडेकडेने, सळ्या ओलांडत त्या पार मागच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. तिथे हातभर बांध शिल्लक होता. त्यावर पडलेल्या राडारोड्यातून एक वेल पत्र्यावर चढला होता. पानं सुकली होती, पण आत पिवळी पडलेली चार-पाच कारिटं लोंबत होती.

त्यांनी एकेक फळ खुडून पदरात घेतलं. मग खाली वाकून बांधाच्या मातीला हात लावला.

चतुर्दशीच्या पहाटे आवडाबाईंनी कल्पिताला उटणं लावलं, मयूरला लावलं आणि तेलाची वाटी घेऊन संचितापुढे बसल्या.

"आई, मला कशाला?"

"तुला कशाला नाय?" म्हणून त्यांनी तिच्या केसांत तेल घातलं. संचिता डोळे मिटून बसली.

तुळशीपुढे कारीट मांडलं. कल्पिता फळाकडे बघत राहिली. तिने कीर्तन ऐकलं होतं.

"आजी, हा राक्षस पण आईचाच मुलगा होता ना? बाबा पण राक्षस होते?"

मयूरने मान फिरवली.

"नाय गो बाय," आवडाबाई म्हणाल्या. "तुजा बाबा माजा लेक होता. चांगला होता. पैसा आला न् त्याच्या डोक्यात मस्ती शिरली. ती फोडायची. बाबाला नाय."

पहिला पाय त्यांनीच ठेवला. फळ फटकन फुटलं. रीतीप्रमाणे एक बी जिभेला लावलं, तेव्हा कडूपणाने तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. "हां, आता तू," त्या नातीला म्हणाल्या. कल्पिताने सगळा जोर लावून अंगठा दाबला.

उरलेल्या फळांचं बी आवडाबाईंनी राखेत वाळवलं आणि जूनमध्ये बंगल्याच्या कुंपणालगत पेरलं. माळ्याने तण समजून वेल उपटायला घेतला, तेव्हा मयूर धावत गेला. आता दिवाळीआधी टॉवरमधली कोकणातली माणसं कारीट मागायला भोईरांच्या दारात येतात. एकादशीला गोविंदाचं श्राद्ध होतं, पान वाढलं जातं, आवडाबाई त्या दिवशी फारशा बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संचिता स्टुलावर चढून कंदील टांगते आणि कल्पिता खालून सांगते, "आई, अजून जरा डावीकडे."