पेटीवाल्यांच्या गाडीचं पासिंग

लग्नानंतर नऊ वर्षं मी बायकोला मोटारसायकलवरून फिरवलं, पण रस्त्यावरून एकदाही नाही.

नदीच्या पात्रातून फिरवलं, डोंगराच्या उतारावरून फिरवलं, एकदा तर नांगरलेल्या रानातून फिरवलं (तो बेत माझा नव्हता, ब्रेकचा होता). कारण गाडी साधी राहिलीच नव्हती. कॉलेजात असताना डोंगरावरून उड्या मारणाऱ्या गाड्या मी मोबाईलवर बघितल्या आणि आपल्या गाडीलाही ते जमेल असं मला मनापासून वाटलं. मग आरसे, हॉर्न, इंडिकेटर, मडगार्ड, साडी गार्ड आणि सायलेन्सरचा अर्धा भाग काढून टाकला, चिखलात चालणारे, मोठ्या गाठींचे टायर चढवले आणि तिला डोंगरावर नेलं. उड्या मी मारल्या. गाडी जागेवरच राहिली. पुढं तिची नोंदणीही संपली, पण पाण्यातल्या माशांनी कधी कागद मागितले नाहीत.

मला बसल्या बसल्या स्वप्नं पडतात, हा माझा जुना आजार. उंब्रजला आमचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. अब्बा पत्रा कापतात, मी समोर बसून हायवेकडं बघतो. त्या हायवेवरून आपण रेहानाला मागं बसवून तिच्या माहेरी, आटपाडीला निघालोय, असं मी इतक्या वेळा बघितलं होतं, की प्रत्यक्ष जायचं राहून गेलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

रेहानाच्या आलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, "आवं, यंदा मी एसटीनं जाणार न्हाई. आपल्या गाडीवरनं जायचं. अम्मीला फोनवर सांगून टाकलंय."

"काय सांगितलंस?"

"तुमचा जावई मला दिवसाढवळ्या, डांबरी रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत घेऊन येणार हाय म्हनून."

तिच्या दोन्ही मोठ्या बहिणी चारचाकीतून उतरायच्या. ही नऊ वर्षं एसटीतून, पायावर कुणाची तरी पिशवी घेऊन. बहिणी हसून विचारायच्या, "तुझा नवरा गाडी बघायला ठेवतो का गं?" हे तिनं त्या दिवशी मला पहिल्यांदा सांगितलं. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

गाडी टेम्पोत घातली आणि कराडला आरटीओत नेली. तिथल्या साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि शांतपणे विचारलं, "बाकीची कुठं आहे?"

"एवढीच आहे, साहेब."

त्यांनी काय काय नाही त्याची यादी लिहायला घेतली. कागद उलटावा लागला. शेवटी म्हणाले, "आणि साडी गार्ड. मागं बायको बसणार ना?"

"ती पंजाबी ड्रेस घालते."

"नियमाला ते माहीत नाही."

लग्नाला पंधरा दिवस होते. सगळं सामान स्पेअरपार्टच्या दुकानात मिळत होतं. मी घेऊनही आलो असतो, पण अब्बांनी यादी वाचली.

"इकत कशाला आणतोस रं? जन्म पत्र्यात गेला माझा. दे हिकडं."

अब्बांच्या पेट्या अख्ख्या तालुक्यात नवरीबरोबर सासरी जातात. हात असा बसलेला, की कुठलाही पत्रा समोर आला तरी त्याची पेटीच होते. मडगार्ड तयार झालं, ते पेटीच्या झाकणासारखं, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. चेन कव्हरला बिजागऱ्या. पेटीच्या झाकणात आतून लावतात तसले दोन चौकोनी आरसे हँडलवर आले. त्यांत मला रस्ता दिसेना, मीच दिसत होतो, तोही कपाळापासून छातीपर्यंत. साडी गार्डला तर त्यांनी कडी-कोयंडा बसवला.

"अब्बा, ह्याला कुलूप कशाला?"

"मग उघडंच ठिवायचं व्हय?"

माझ्या अम्मीनं मडगार्डावर गुलाब रंगवून घेतले. नंबर प्लेटीवर अब्बांनी स्वतः वेलबुट्टी काढली आणि नंबराखाली, पेटीवर लिहितात तसं, ठसठशीत अक्षरात 'सौ. रेहाना' लिहिलं. रेहाना ते वाचून आत निघून गेली. हसायला गेली की रडायला, हे मला कळलं नाही. मला स्वतःला ती गाडी फार सुंदर दिसत होती. संध्याकाळच्या उन्हात ते गुलाब बघत मी तासभर बसलो आणि मनानं आटपाडीच्या वाटेवर विट्यापर्यंत जाऊन आलो.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. मग म्हणाले, "ही गाडी आहे की रुखवत?"

प्लेट नापास. ती आता सरकारीच लागते. आरसे नापास, मडगार्ड नापास, बिजागऱ्यांकडं त्यांनी फक्त बघितलं. टेम्पोत बसलेले अब्बा खाली उतरले. "पन्नास वर्सांत माजी एक पेटी परत आली न्हाई, साहेब," ते हळूच म्हणाले. साहेब जरा ओशाळले. खाली वाकून त्यांनी साडी गार्ड हातानं गदागदा हलवलं, वर बूट ठेवून बघितला. ते तसूभर हललं नाही.

"हे राहू द्या," ते म्हणाले. "ह्यात साडी काय, हत्तीचा पायसुद्धा जायचा नाही. पण ती कडी काढा."

अब्बा परतताना टेम्पोत ड्रायव्हरला हत्तीचं दोनदा सांगत होते. बाकीचं सगळं मी स्पेअरपार्टच्या दुकानातून आणून बसवलं, प्लेट सरकारी लावली, विमा आणि पीयूसीही करून घेतली.

तिसरी खेप लग्नाच्या आदल्या दिवशी पडली. रेहाना नवा ड्रेस घालून, दोन हेल्मेटं आणि आहेराची पिशवी घेऊन टेम्पोतूनच आली होती. पास झालो की तिथूनच आटपाडी, असा बेत. साहेबांनी एकेक वस्तू तपासली. हॉर्न वाजला. इंडिकेटर लागले. दिवा लागला. आमच्या गाडीला इतकं सगळं येतं, हे बघून मला भरून आलं.

"ठीक आहे. एक चक्कर मारून दाखवा. लायसन्स बघू."

मी खिसे चाचपले, पण ते उगाच. शिकाऊ लायसन्स मी कॉलेजात काढलं होतं. पक्क्याच्या परीक्षेच्या दिवशी वाटेत नदीवर ढग फार सुरेख जमले होते, ते बघत बसलो आणि परीक्षा संपली. पुढं पात्रात कोण विचारणार होतं?

साहेब बघत होते. मी बघत होतो. तेवढ्यात रेहानानं पर्स उघडली आणि एक कार्ड पुढं केलं.

"तुम्ही चालवता?"

"माहेरी डाळिंबाचे क्रेट बांधून बाजाराला न्यायची, साहेब."

तिनं हेल्मेट चढवलं, एका किकेत गाडी चालू केली आणि मैदानाला अशी अलगद चक्कर मारली, की गाडीचा आवाजसुद्धा ओळखू येईना. साहेबांनी सही केली.

"तू कधी बोलली न्हाईस?" मी विचारलं.

"लग्नाच्या बोलन्यात माझ्या अब्बांनी सांगितलं हुतं. तुमी वर बघत हुता."

मग आम्ही निघालो. ती पुढं, मी मागं, मांडीवर आहेर. दुपारचं ऊन मऊ होतं. दोन्ही बाजूंनी ऊस सरकत होता, मग तो विरळ झाला, विट्याच्या पुढं माळ लागला आणि आभाळ रस्त्यापर्यंत खाली आलं. टायर एका सुरात गुणगुणत होते. नऊ वर्षं बघितलेलं सगळं जसंच्या तसं समोर येत होतं, आणि हँडल सांभाळायचं नसल्यामुळं मला ते नीट बघता येत होतं. इतकं सुख मला सोसलं नाही, डोळा लागला.

डोळे उघडले तेव्हा गाडी मंडपासमोर उभी होती. ऊन अजून होतं. सगळं सासर बाहेर आलं होतं आणि मेव्हण्या तोंडावर हात घेऊन आमच्याकडं बघत होत्या. मी ऐटीत उतरायला गेलो, तर उतरता येईना. रेहानानं वाटेत कधीतरी गाडी थांबवून मला ओढणीनं स्वतःच्या कमरेशी घट्ट बांधून टाकलं होतं.

"लेकीनं जावयाला सुखरूप आणलं," सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि गाठ सोडायला पुढं झाले. गाठ पक्की होती, सुटायला वेळ लागला. तोवर मी मागच्या सीटवरून सगळ्या पाहुण्यांना हात उंचावून सलाम करत राहिलो, अगदी मीच गाडी चालवत आल्यासारखा.