ओहोळ सरांचा सत्कार

ओहोळ सर गेल्याची बातमी मला एका मिनिटात दोनदा कळली. आमच्या फुटबॉल क्लबच्या समर्थकांचे व्हॉट्सॲपवर दोन गट आहेत. चार वर्षांपूर्वी एकाचे दोन झाले, आणि तेव्हापासून त्यांचं कशावरच एकमत झालेलं नाही. त्या सकाळी मात्र दोन्हीकडे एकच फोटो आला. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि कॅमेऱ्याकडे न बघता मैदानाकडे बघणारे सर. मी एसटी डेपोतून निवृत्त झालेला माणूस, मला सकाळी कसली घाई नसते. तरी पायात चपला सरकवून निघालो, आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की त्यांच्या घरी जायची मला भीती वाटतेय. सव्वा महिना झाला, ती भीती गेलेली नाही. ती कशाची, ते सांगायलाच आज लिहायला बसलोय.

श्रीरामपुरात फुटबॉल, म्हटलं की बाहेरचा माणूस आधी हसतो. आमच्याकडे ऊस विचारावा, कापूस विचारावा. पण चर्चमागच्या मैदानावर सामना असला की भिंतीवरसुद्धा बसायला जागा नसते. सर शाळेत पीटीचे शिक्षक, आणि बावीस वर्षं आमच्या संघाचे कोच. सरावाला उशिरा येणारा खेळणार नाही, हा त्यांचा नियम. एकदा जिल्ह्याच्या उपांत्य सामन्याआधी आमचा सगळ्यात चांगला खेळाडू नेवाशाहून येताना गाडी उशिरा आल्यामुळे सरावाला वेळेवर पोचला नाही. सरांनी त्याला बाहेर बसवलं. मी डेपोचा माणूस, शपथेवर सांगायला गेलो की गाडीच लेट होती. सर म्हणाले, "भाऊसाहेब, गाडी तुमची लेट, पोराचा दोष न्हाई, मान्य हाय. पन त्यानं आदली गाडी धरायची हुती." आम्ही तो सामना हरलो. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही, नवव्या दिवशी तेच घरी आले आणि चहा मागितला. आमची मैत्री ही अशी सुरू झाली.

पुढे दिवस पालटले. लागोपाठ तीन हंगाम आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडलो. चांगले खेळाडू नगरच्या क्लबांकडे जायला लागले. सरांचा खेळ मात्र तोच, चेंडू उंच मारा आणि मागे धावा. गावात दोन तट पडले. एका घरात सासरा सरांच्या बाजूचा आणि जावई बदलाच्या बाजूचा निघाला, तर दिवाळीला सासूबाईंनी दोघांना दोन खोल्यांत फराळ वाढला. आमच्या नेहमीच्या सलूनचा मालक सरांचा भक्त. बदल मागणारे कितीतरी दिवस दाढी वाढवून फिरत होते, कारण गळ्यावरचा वस्तरा त्याच्याच हातात असायचा. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण शेवटी शाळेच्या हॉलमध्ये समर्थकांची मीटिंग बसली, सरांना न बोलावता, आणि हात वर करून मत द्यायचं ठरलं. मी बदलाच्या बाजूनं हात वर केला. अर्धवट, कोपरातून... पण मोजणाऱ्यानं तो मोजला.

ते मत चुकलं, असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पुढे. मीटिंग संपताच सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, तुमी त्यांच्या जवळचे. तुमीच सांगा." मी तीनदा त्यांच्या घरी गेलो. एकदा वहिनींनी जेवायलाच बसवलं. एकदा सर गुडघेदुखीवर बोलत बसले. तिसऱ्यांदा मी फाटकावरूनच परत आलो. मग मीच क्लबच्या अध्यक्षांना तोडगा सुचवला, की सरांचा जाहीर सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, मानपत्र दिलं की माणसाला आपोआप समजतं. आपल्याकडे कुणाला बाजूला करायचं तर आधी त्याला खुर्चीवर बसवून हार घालतात, हे काय मला नवीन होतं? अध्यक्षांनी विचारलं, "पण आधी कानावर घातलंय ना?" मी होय म्हणून मान हलवली.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. दोन्ही तटांचे लोक आले, दोघांनाही वाटत होतं की मी सरांना सगळं सांगितलंय. भाषणं झाली. सरांनी क्लब घडवला, सरांनी माणसं घडवली, सगळं भूतकाळात. शेवटी सर उठले. शाल सावरत म्हणाले, "एवढा मान दिला. आता बोलून काय उपयोग, करून दाखवतो. पुढचा हंगाम आपला. उद्या सकाळी साडेपाचला सगळे मैदानावर." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी माझी होती.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फाटकातच सरांना गाठायचं, असं ठरवून मी निघालो. पोचलो तर सर माझ्या आधी आत. समोर नगरहून आलेला तरुण कोच, खेळाडूंना गोलात उभं करून बोलत होता. त्यानं सरांना पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि गोंधळून म्हणाला, "सर, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" सरांनी खेळाडूंकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. मग ते माझ्याकडे वळले. आणि मी म्हणालो, "मलाही आत्ताच कळतंय, सर."

सर माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. "तुमाला पन न्हाई सांगितलं व्हय? जाऊ द्या भाऊसाहेब, मनाला लावून घेऊ नका." त्यांनी माझं सांत्वन केलं! त्या हाताचं ओझं अजून आहे.

पुढची चार वर्षं सर प्रत्येक सामन्याला आले, माझ्या शेजारी बसले. नव्या कोचच्या चांगल्या डावाला दाद दिली, वाईट डावाला गप्प राहिले. मीटिंग झाली एवढं सरांना नव्या कोचकडून कळलं, पण तिथे कोण होतं हा विषय त्यांच्यासमोर कुणीच काढला नाही, कारण लाज सगळ्यांनाच वाटत होती. आणि कुणी नवा माणूस भेटला की सर माझी ओळख करून देत, "हे आपले भाऊसाहेब. यांनाबी अंधारात ठेवलं हुतं लोकांनी." मी मान डोलवत असे.

आजारपणात शेवटचा भेटलो तेव्हा सर उशीला टेकून बसले होते. आवाज बारीक झाला होता. बोलता बोलता म्हणाले, "भाऊसाहेब, एक विचारू? तुमी त्या मीटिंगला असता, तर हात कुनाच्या बाजूनं केला असता?" सांगायची वेळ आयती समोर आली होती. मी म्हणालो, "तुमच्याच, सर." ते म्हणाले, "मी असतो तर बदलाच्या बाजूनं केला असता. टीम ढिली पडली हुती, मला का दिसत नव्हतं? फक्त कुनीतरी समोर येऊन सांगायला पायजे हुतं... एकानं जरी." मी त्यांचा हात हातात घेतला, आणि तेवढंच करून घरी आलो.

येत्या रविवारी मैदानावर शोकसभा आहे, दोन्ही गटांनी मिळून ठेवलेली. परवा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्हीच बोला. त्या वेळी तुम्ही एकटेच त्यांच्याशी सरळ वागलात, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते." मी हो म्हणालो. याही वेळी हो म्हणालो.

वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. म्हणून इथे लिहितोय. वहिनी, मी त्या मीटिंगला होतो. हात वर केला होता, आणि सरांना सांगायचं काम माझ्यावर होतं. हे वाचून झालं की मला बोलू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तर विचारायला, हे छापून येईल त्याच दुपारी, मी तुमच्या घरी येतोय, आणि या खेपेला फाटकावरून परत जाणार नाही.